गच्चीवरच्या लोखंडी खोल्या : ‘इमारत याकूबियान’ या कादंबरीतील कैरो

अरबी कादंबरीचा विषय निघाला की अध्यापकवर्गात पहिले नाव नजीब महफूज़ यांचे निघते, आणि ते रास्तच आहे. महफूज़ यांचे कैरो हे मुख्यतः गल्लीबोळांचे कैरो होय. ‘ज़ुक़ाक़ अल-मिदक़’ (१९४७) या त्यांच्या कादंबरीत एका अरुंद बोळातील न्हावी, कॉफीवाला, मिठाईवाला, लग्ने जुळवणारी बाई अशी माणसे एकमेकांच्या दारांवर नजर ठेवून जगत असतात. त्यातील हमीदा बोळ सोडून जाते ती नव्या शहरातील एका फ्लॅटमध्ये, आणि तेथेच तिचा घात होतो. म्हणजे महफूज़ यांच्या नकाशावर रुंद रस्त्यांचे व उंच इमारतींचे कैरो हे ‘पलीकडचे’ शहर आहे. अला अल-अस्वानी यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इमारत याकूबियान’ या कादंबरीत हे पलीकडचे शहरच मध्यभागी आणून ठेवले. बोळाची जागा जिन्याने घेतली.

या शीर्षकाचे मराठी वा उर्दू वाचकाला भाषांतर करून द्यावे लागत नाही. अरबी ‘इमारा’ हाच शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे ‘इमारत’ म्हणून रुळला आहे. कादंबरीतील आणखी दोन कळीचे शब्दही आपल्याला अनोळखी नाहीत. गच्चीला अरबीत ‘सत्ह’ म्हणतात. उर्दूतील ‘सतह’, म्हणजे पृष्ठभाग, तो हाच. दारावर बसणाऱ्या रखवालदाराला ‘बव्वाब’ म्हणतात. त्यातील ‘बाब’ म्हणजे दरवाजा, जो उर्दू पुस्तकांत ‘प्रकरण’ या अर्थाने रोज भेटतो. इमारत, सतह आणि बाब या तीन शब्दांतच ही कादंबरी उभी आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कादंबरी अरब जगात तुफान खपली. हम्फ्री डेव्हिस यांचा इंग्रजी अनुवाद २००४ साली आला. २००६ साली मरवान हामिद यांनी तिच्यावर चित्रपट काढला व त्यात आदिल इमाम, नूर अश-शरीफ़, युसरा अशा नामवंतांनी कामे केली. तेव्हापासून या कादंबरीविषयी जे काही लिहिले जाते त्यात एक वाक्य हमखास असते : ही इमारत म्हणजे प्रत्यक्ष इजिप्त देश. हे खोटे नाही. लेखकाचीही तीच इच्छा असावी. परंतु असे एकदा म्हटले की वाचकाचे काम संपते. प्रत्येक पात्राच्या कपाळावर ‘भ्रष्टाचार’, ‘दहशतवाद’, ‘जुना जमाना’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या की वर्गातला तास पार पडतो. कादंबरीचे खरे बळ या रूपकात नसून त्याहून साध्या, व्यवहारी गोष्टीत आहे. कोणाला कोणती खोली मिळते, कोणत्या अटीवर मिळते आणि कोण तिथून हुसकला जातो, याचा हिशेब ती चोख मांडते. हा वहिवाटीचा हिशेब तिच्यातील गतकाळाच्या हळहळीला जागोजागी खोटा पाडतो, आणि लेखकाला त्याची पूर्ण जाणीव आहे असे मात्र दिसत नाही.

आधी ही वस्ती कोणती ते पाहिले पाहिजे. खदीव इस्माइल (कारकीर्द १८६३–१८७९) १८६७ च्या प्रदर्शनासाठी पॅरिसला गेले आणि रुंद, सरळ रस्त्यांच्या त्या शहराने भारून परतले. जुन्या कैरोच्या पश्चिमेस, नील नदीच्या बाजूला, ‘इस्माइलिया’ नावाची नवी वस्ती आखली गेली. १८६९ साली सुएझ कालव्याचे उद्घाटन झाले तेव्हा पाहुण्यांना दाखवायला तिचा प्रारंभ झालेला होता. या हौसेची किंमतही लवकरच मोजावी लागली : १८७६ साली तिजोरी दिवाळखोरीत निघाली, १८७९ साली इस्माइल पदच्युत झाले आणि १८८२ साली इंग्रजी फौज आली. या वस्तीतील मुख्य रस्त्याला नाव होते सुलेमान पाशा यांचे. हे सुलेमान पाशा मूळचे जोज़ेफ सेव नावाचे फ्रेंच लष्करी अधिकारी. मुहम्मद अली यांच्या फौजेला त्यांनी कवायत शिकवली व पुढे इस्लामचा स्वीकार केला. १९५२ च्या क्रांतीनंतर त्यांचा पुतळा चौकातून हलला आणि तेथे तलअत हर्ब आले. १९२० साली ‘बँक मिस्र’ स्थापून देशी भांडवलाचा पाया घालणारे ते हेच. रस्त्यालाही त्यांचेच नाव मिळाले. कादंबरीतील माणसे मात्र हट्टाने ‘सुलेमान पाशा रस्ता’च म्हणतात.

याच रस्त्यावर, क्रमांक ३४ ला, याकूबियान इमारत खरोखरच आहे. अल-अस्वानी व्यवसायाने दंतवैद्य. त्यांचा दवाखाना काही काळ याच इमारतीत होता. म्हणजे जिना, लिफ्ट, दारावरचा बव्वाब हे सारे त्यांनी रोजच्या ये-जा करण्यात पाहिलेले. म्हणूनच एक बदल डोळ्यांत भरतो. प्रत्यक्षातील इमारत आर्ट डेको पद्धतीची, १९३० च्या दशकातील आधुनिक, सपाट रेषांची आहे. कादंबरीतील इमारत मात्र उंची युरोपीय अभिजात शैलीतली, बाल्कन्यांवर दगडात कोरलेले ग्रीक चेहरे असलेली आहे. लेखकाला इमारत माहीत नव्हती असे तर म्हणता येणार नाही. मग हा बदल का? आर्ट डेको ही विसाव्या शतकाची, त्या काळच्या मुंबईतही मरीन ड्राइव्हवर उभी राहत असलेली शैली. ती कोणा एका देशाची मिरास नव्हती. दगडी ग्रीक चेहरे लावले की इमारत थेट ‘युरोप’ होते, आणि तिचे पुढे झालेले हाल हे युरोपचे, म्हणजे सुसंस्कृतपणाचे हाल ठरतात. कादंबरीत गतवैभवाविषयी जी हळहळ आहे तिची पहिली वीट येथे बसवलेली आहे.

वास्तविक ही वस्ती बांधणारे सगळेच युरोपीय नव्हते. याकूबियान हे नावच आर्मेनियन आहे, आणि कादंबरीही ते लपवत नाही. लेव्हांटी, ज्यू, ग्रीक, इटालियन असे नाना लोक तेथे होते, आणि खुद्द इजिप्शियन भांडवलदारही होते. शरीफ़ पाशा रस्त्यावरची प्रचंड ‘इमोबिलिया’ इमारत १९४० च्या सुमारास पुरी झाली ती अहमद अब्बूद पाशा या इजिप्शियन उद्योगपतीच्या पैशाने. तेव्हा ‘परक्यांनी उभारले आणि आपल्यांनी बिघडवले’ हे समीकरण इतिहासाला धरून नाही. कादंबरीतील ज़की बे अद-दसूक़ी हे मात्र नेमके हेच समीकरण बोलून दाखवतात. वफ़्द पक्षाच्या एका माजी मंत्र्याचे हे चिरंजीव पॅरिसला शिकून आलेले अभियंते; वय पासष्ट, लग्न नाही, काम नाही; इमारतीत नावाला एक कचेरी. मद्य, स्त्रिया आणि आठवणी यांत दिवस जातो. त्यांच्या मते १९५२ नंतर जे झाले ते सर्व अधःपतनच.

परंतु लेखक गच्चीवर गेला की ज़की बे यांचे म्हणणे टिकत नाही. कादंबरीतील सर्वांत सकस पाने ही गच्चीचीच आहेत, त्यामुळे तेथे थोडे थांबणे भाग आहे. इमारत बांधतानाच गच्चीवर पन्नास लहान खोल्या केलेल्या आहेत, फ्लॅटमागे एक. जेमतेम दोन मीटर बाय दोन मीटरच्या, भिंती व दारे लोखंडाची. त्या काळी तेथे सामानसुमान ठेवत, कुत्री बांधत, कपडे धुवून घेत. माणसांनी राहण्याची ती जागाच नव्हती. १९५२ नंतर परदेशी व ज्यू कुटुंबे जसजशी निघून गेली तसतसे फ्लॅट लष्करी अधिकाऱ्यांना मिळाले. त्यांच्या बायकांनी त्याच खोल्यांत नोकर ठेवले, गच्चीवर कोंबड्या, बदके, ससे पाळले. सत्तरीच्या दशकात सादात यांचे ‘इन्फ़िताह’, म्हणजे खुल्या बाजाराचे धोरण आले. धनिक नव्या उपनगरांकडे सरकले, फ्लॅटच्या कचेऱ्या व दवाखाने झाले आणि लोखंडी खोल्यांचा फ्लॅटशी असलेला संबंध तुटला. त्या सुट्या भाड्याने जाऊ लागल्या. खेड्यांतून आलेली कुटुंबे त्यांत संसार करू लागली. सामायिक शौचालये, गच्चीभर पोरे, संध्याकाळी हुक्के, बायकांची भांडणे आणि त्याच बायकांची रात्रीची मदत. दहा मजल्यांच्या इमारतीवर एक खेडे वसले.

हा मजकूर जवळजवळ महसुली दप्तराच्या शैलीत येतो, आणि म्हणूनच तो परिणामकारक आहे. कुत्र्याची कोठडी ते माणसाचे घर हा प्रवास तीन राजवटींत होतो. बदलते ते वहिवाटदार, खोली तेवढीच राहते. जे ‘सोनेरी’ दिवस ज़की बे आळवतात त्या दिवसांतच ही दोन मीटरची लोखंडी पेटी आखली गेली होती. इमारतीत वर आणि खाली हा भेद क्रांतीने आणलेला नाही. नकाशातच तो होता. लेखक हे सांगत नाही, पण त्याने दिलेला तपशील ते सांगतो.

ताहा अश-शाज़ली हा बव्वाबचा मुलगा गच्चीवर वाढलेला. हुशार, नमाज़ी, कष्टाळू. पोलिस अधिकारी होण्याचे त्याचे स्वप्न आहे. परीक्षेत उत्तम गुण मिळतात, मुलाखतीचे प्रश्नही सुटतात आणि शेवटी वडिलांच्या धंद्याविषयी विचारणा होते. मुलाखत तेथेच संपते. महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणाही माणसाला हे प्रकरण वाचून अस्वस्थ व्हायला होईल, कारण अशा मुलांना ‘शिका, म्हणजे दार उघडेल’ असे सांगण्याचे काम त्याचेच असते. पुढे ताहा विद्यापीठात जातो, तेथील श्रीमंत मुलांत एकटा पडतो, धार्मिक चळवळीत ओढला जातो, पकडला जातो; कोठडीत त्याचा अनन्वित छळ व अत्याचार होतो. त्यानंतर सूड एवढेच उरते आणि त्यातच त्याचा शेवट होतो. येथे लेखकाची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. मुलाखतीपर्यंतचा ताहा जिवंत माणूस आहे. त्यानंतरचा ताहा बऱ्याच अंशी एक युक्तिवाद आहे. अपमानातून अतिरेक जन्मतो हे सूत्र सिद्ध करण्याची लेखकाला घाई झालेली दिसते. दाराशी बसणाऱ्याच्या मुलासाठी दार उघडत नाही, एवढी साधी गोष्ट मात्र तो विसरू देत नाही.

गच्चीवरून खाली यावे तो प्रत्येक नात्याच्या मुळाशी एखादी खोली सापडते. हाजी मुहम्मद अज़्ज़ाम हा एकेकाळी बूटपॉलिश करणारा, आता कोट्यधीश व्यापारी. संसदेच्या जागेसाठी तो दहा लाख पौंड लाच मोजतो. तो सुआद या अलेक्झांड्रियाच्या विधवेशी गुप्तपणे दुसरे लग्न करतो आणि तिला याच इमारतीत एक फ्लॅट देतो. अट अशी की लग्नाची वाच्यता करायची नाही, मूल होऊ द्यायचे नाही आणि पहिला मुलगा माहेरीच ठेवायचा. ती गरोदर राहते तेव्हा तिच्या मनाविरुद्ध गर्भपात घडवला जातो आणि त्याआधी एक शेखसाहेब येऊन धर्माच्या नावाने तिची समजूत घालू पाहतात. सुआद त्यांच्यावर उसळते तो प्रसंग कादंबरीतील मोजक्या उत्कृष्ट प्रसंगांपैकी आहे. लेखकाचा रोख दीनवर नाही, दीनचा मुखवटा चढवून सौदा करणाऱ्यावर आहे, हे येथे स्वच्छ दिसते. ज्यांनी कादंबरी न वाचता तिच्यावर आक्षेप घेतले त्यांनी निदान हे प्रकरण वाचायला हवे होते. सुआदचा विवाह हा वस्तुतः भाडेकरार आहे. अटीचा भंग झाला, की बेदखली.

मलाक हा ख्रिस्ती कॉप्ट शिंपी गच्चीवर सदऱ्यांचा कारखाना काढण्यासाठी एक खोली मिळवतो. त्यासाठी इमारतीच्या मुखत्याराशी तजवीज, मग हातघाई, मग करारनाम्याचा कागद नाचवणे असा सगळा तमाशा होतो. पुढे त्याची नजर ज़की बे यांच्या कचेरीवर जाते. म्हातारा निपुत्रिक, त्याच्या पश्चात ती जागा आपल्याकडे यावी म्हणून एका कागदावर त्याची सही मिळवायची, आणि ते काम गच्चीवरच्या बुसैना या गरीब मुलीकडून करून घ्यायचे, असा बेत. ही बुसैना एकेकाळी ताहाची वाग्दत्त. दुसरीकडे ज़की बे यांची सख्खी बहीण दौलत त्यांना राहत्या फ्लॅटमधून बाहेर काढते आणि कचेरीवरही पोलिस घालते. भाऊ-बहीण, मालक-नोकर, वृद्ध-तरुणी, कोणतेही नाते घ्या, मधे एक कुलूप आहे.

फ्रेंच वृत्तपत्राचा संपादक हातिम रशीद आणि अब्द रब्बुह हा शिपाई यांच्या संबंधांतही अब्द रब्बुहच्या बायकामुलासाठी गच्चीवर घेतलेली खोली हाच दुवा आहे. या प्रकरणावरून २००६ साली इजिप्तच्या संसदेतील शंभराहून अधिक सदस्यांनी चित्रपटाला कात्री लावण्याची मागणी केली होती. नैतिक आक्षेपाचा भाग बाजूला ठेवला तरी वाङ्मयीन दोष राहतोच. हातिम हे पात्र लेखकाने ‘केस’ म्हणून लिहिले आहे. बालपणीची उपेक्षा, घरातील नोकर, त्यातून आजची वृत्ती, अशी कारणमीमांसा वैद्यकीय टाचणासारखी येते. मलाकच्या कावेबाजपणातही ठरावीक साचा आहे. दंतवैद्य कीड लागलेला दात अचूक दाखवतो. रुग्णाकडे पाहायला त्याला दर वेळी सवड होत नाही.

शेवटी ज़की बे व बुसैना यांचा विवाह होतो. बुसैनाला दगा देणे जमत नाही, म्हाताऱ्याविषयी तिला खरी माया वाटू लागते. वाचकाला हा शेवट गोड वाटतो, चित्रपटात तर अधिकच. परंतु वहिवाटीचा हिशेब येथेही चालू आहेच. गच्चीवरची मुलगी खाली आली, पण ती जिना उतरून आली नाही; पाशाच्या मुलाचा हात धरून आली. तिच्या बरोबरीच्या ताहाला असा कोणताही हात मिळाला नव्हता. लेखकाने ही दोन टोके एकमेकांजवळ ठेवली आहेत आणि तरीही वाद्यांच्या सुरांत पहिले टोक विसरायला लावले आहे.

कादंबरी एका गोष्टीविषयी जवळजवळ मूक आहे, ती म्हणजे भाडे. हा सारा कलह ज्या कायद्याच्या छपराखाली चालतो त्याचे नाव ती घेत नाही. दुसऱ्या महायुद्धात घरटंचाई झाली, भाडी गोठवली गेली आणि १९४७ च्या कायदा क्र. १२१ ने ती व्यवस्था पक्की केली. नासिर यांच्या काळात भाडी कायद्यानेच उतरवली गेली. पुढे १९७७ व १९८१ च्या कायद्यांनी भाडेकराराचा हक्क वारसांकडे जाऊ लागला. मालकाला मिळणारे भाडे नाममात्र, म्हणून डागडुजी नाही. भाडेकरू जागा सोडत नाही, कारण बाहेर त्या पैशात काहीच मिळत नाही. जागा हातची सुटताना जी रोकड मोजली जाते तिला अरबीत ‘खुलू रिजल’ म्हणतात, शब्दशः ‘पाऊल रिकामे करणे’. ‘खाली’ या शब्दाचे मूळ तेच. मुंबईकर याला पागडी म्हणतो. मुंबईचा भाडेनियंत्रण कायदाही १९४७ चाच (क्र. ५७), हा केवळ योगायोग नव्हे, युद्धोत्तर टंचाईवर दोन्ही शहरांनी एकच औषध घेतले.

म्हणूनच आपल्या वाङ्मयाशी तुलना उपयोगी पडते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये (१९५८) सर्व बिऱ्हाडे साधारण एका ऐपतीची, त्यामुळे जागेचा तुटवडा विनोदाचा आणि शेवटी हळहळीचा विषय होऊ शकतो. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) नाटकात गिरणगावातील एका खोलीत दाटलेले कुटुंब फुटते. तेथे हळहळीला जागा नाही. अल-अस्वानी यांना दोन्ही हवे आहे, ज़की बे यांच्यासाठी पहिले आणि ताहासाठी दुसरे, आणि एकाच जिन्यावर हे दोन सूर नीट जुळत नाहीत. पण जेथे ते जुळत नाहीत तेथेच कादंबरी अधिक खरी होते.

कादंबरीचा काळ १९९०-९१ च्या आखाती युद्धाच्या आगेमागेचा, म्हणजे १९९६ च्या कायदा क्र. ४ पूर्वीचा. त्या कायद्याने नवे करार बंधनमुक्त केले. जुने तसेच राहिले. कैरोत एकाच मजल्यावर एक बिऱ्हाड काही पौंड भाडे भरी आणि शेजारचे हजारो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने जुनी भाडी कायमची गोठवून ठेवणे घटनाबाह्य ठरवले. त्यापाठोपाठ ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा क्र. १६४ आला. राहत्या जागांचे जुने करार सात वर्षांनी, व्यक्तींकडील बिगर-निवासी जागांचे पाच वर्षांनी संपायचे आहेत. मधल्या काळात उत्तम, मध्यम व सामान्य अशी वस्त्यांची प्रतवारी करून भाडे वाढवायचे : उत्तम वस्तीत वीसपट, किमान एक हजार पौंड, सामान्य वस्तीत दहापट, किमान अडीचशे.

हा कायदा हाती ठेवून कादंबरी पुन्हा वाचली तर तिच्यातील प्रत्येक कागद वेगळा दिसू लागतो. ज़की बे यांच्या ज्या कचेरीसाठी मलाक टपून बसला आहे तिला आता पाच वर्षांची मुदत. मलाकच्या सदऱ्यांच्या कारखान्यालाही तीच. मूळच्या फ्लॅटमध्ये क्रांतीनंतर शिरलेल्या अधिकाऱ्यांच्या नातवंडांना सात. आणि गच्चीवरच्या लोखंडी खोलीची प्रतवारी कशी लावायची? तिचा पत्ता तलअत हर्ब रस्ता, म्हणजे उत्तम वस्तीच म्हणावी लागेल. क्षेत्रफळ दोन मीटर बाय दोन मीटर, शौचालय सामायिक.